दौंडहून पाचगणीमार्गे एक गाणं

दौंड-पुणे गाडीत खिडकीची जागा मिळाली ना? मग आता ती सोडू नका. कानात इअरफोन आहेत, मोबाईलवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' निवडून ठेवलंय. पुतण्यानं पाठवलं असेल, नाहीतर २०१८ चा तो सिनेमा पाहिल्यापासून तुमच्याकडं असेल. शिरूरकर असाल तर तुम्ही एसटीत आहात आणि गाडी नगर रोडला वाघोलीच्या गर्दीत अडकली आहे. काही बिघडत नाही. गाणं सुरू करा आणि दोघांनीही डोळे मिटा. मी सांगेन तेव्हाच उघडायचे.

उघडा.

सगळ्यात आधी नाकात शिरतो तो कोळसा. जळका, तेलकट, घशाशी चव ठेवणारा. साल १९५९, नोव्हेंबरातली सकाळ, दौंड जंक्शन. समोर काळंभोर इंजिन उभं आहे आणि त्याला पाणी भरणं चाललंय. नळाच्या सोंडेतून पाणी धबाधबा पडतंय, चाकांखालून वाफ उठतेय, आणि तुम्ही पाच पावलं लांब असूनही गालाला धग लागतेय. डोळ्यात कण गेला? चोळू नका, आणखी रुतेल. रुमालाचं टोक ओलं करून हलकेच काढा. इथली माणसं दिवसातून चार वेळा तेच करतात. आणि पांढरा शर्ट घालून आला असाल तर त्याच्यावर आताच पाणी सोडा, संध्याकाळपर्यंत तो पांढरा राहायचा नाही.

चहा घ्या. पाकीट आत ठेवा, त्या नोटा इथं चालायच्या नाहीत. तुमच्या पुढं एक आजोबा चहावाल्याशी हुज्जत घालतायत. नवी नाणी येऊन दोन वर्षं झाली, पण एका आण्याचे सहा नवे पैसे की सव्वासहा, हा हिशेब अजून रोज कुणा ना कुणाचं डोकं तापवतो. पलीकडच्या फलाटावर बारामतीची छोटी गाडी उभी आहे. तिच्यात कोंबड्यांच्या पाट्या चढतायत, शेवग्याच्या शेंगांचे भारे चढतायत, एक बकरी चढायला तयार नाही. हमाल ओरडतायत, वाफ सुसाटतेय, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. 'बाजूला व्हा' हे तुम्हालाच म्हणतायत. व्हा बाजूला.

आता माझ्यामागून रेल्वेच्या वसाहतीकडं या. कौलारू बैठी घरं, दारात तुळशी आहेत तशा गुलाबाच्या कुंड्याही आहेत. इथं ड्रायव्हर राहतात, फायरमन, गार्ड राहतात. मराठी आहेत, दक्षिणेकडचे आहेत, अँग्लो-इंडियन कुटुंबंही आहेत. एका घरातून फोडणीचा वास येतोय, शेजारच्या घरातून भाजल्या केकचा. त्या दुसऱ्या खिडकीपाशी थांबा. आत रेडिओ तापतोय. खरंच तापतोय, आतले व्हॉल्व्ह गरम झाल्याशिवाय त्याला वाचा फुटत नाही. आधी खरखर, मग शिट्टी, मग लाटेसारखा चढत-उतरत येणारा आवाज. रेडिओ सिलोन. इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागलाय. एल्विस प्रेस्ली असेल, क्लिफ रिचर्ड असेल, आवाज मध्येच बुडतो आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा वर येतो.

आत इस्त्री करणारी मुलगी पाहा. तिनं इस्त्री उभी करून ठेवलीय. तोंड अर्धवट उघडं, नजर कुठंच नाही, एक बोट टेबलावर ताल धरतंय. रेकॉर्ड विकत आणायची ऐपत घरात नाही. हे गाणं आता एकदा लागेल, मग थेट पुढच्या आठवड्यात, लागलं तर. तेवढ्या तीन मिनिटांत तिला ते सगळं धरून ठेवायचं आहे: चाल, ठेका, शब्द कळतील तेवढे. असं ऐकणं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? तिचा चेहरा लक्षात ठेवा. आज आपण ज्या मुलाला भेटायला निघालोय, तो अगदी याच चेहऱ्यानं ऐकतो.

गाडीनं शिट्टी दिली. पळा.

पाटस गेलं. खिडकीतून उसाचे फड, मध्येच गुऱ्हाळाचा धूर, आणि उकळत्या काकवीचा तो दाट गोड वास, जो डब्यातल्या विडीच्या धुरालाही पुरून उरतो. केडगावला गाडी थांबते. इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिथं रमाबाईंच्या काळापासून मुली-बायका मराठीत उपासनेची गीतं गातात. अनेक गळे एकत्र आले की एका सुराची भिंत कशी उभी राहते, हे या पट्ट्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. तो आवाजही कानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुण्यात उतरून एसटी धरायची. शिरूरच्या मंडळींनी इथं जरा छाती पुढं काढावी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर रस्त्यावर, म्हणजे शिरूरवरूनच. आपली आजची गाडी मात्र साताऱ्याच्या दिशेनं. बाकं कडक आहेत. कंडक्टर चिमट्यानं तिकिटाला टकटक करत येतो, दोरी ओढतो, पुढं ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा वाजते. कात्रजचा घाट, बोगद्यातला गार अंधार, मग खंबाटकी. तुमच्या मागच्या बाईंनी तोंडात लिंबाची फोड धरलीय, तुम्हालाही देतील, नको म्हणू नका. वाईला कृष्णेचा घाट दिसतो, पितळी हंडे चमकतात. मग पसरणीचा घाट सुरू झाला की हवा पातळ होत जाते, खिडकीतून येणारा वारा बोचायला लागतो, आणि वर पोचता पोचता सिल्व्हर ओकची उंच झाडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहतात. पाचगणी.

सेंट पीटर्स शाळा. आत चला, तुम्हाला कुणी अडवणार नाही.

वसतिगृहात लोकरी ब्लेझरचा दमट वास, बुटांचं पॉलिश, ओळीनं मांडलेल्या खाटा. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर दिवे बंद. ज्याची आई पुण्यात आहे त्याला भेटायला कुणी येतं. त्या कोपऱ्यातल्या मुलाची आई झांझिबारला आहे, समुद्रापलीकडं. वडील तिथल्या कोर्टात रोखपाल आहेत. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीनं मुंबईला पाठवलं आणि तिथून इकडं. सुट्टी लागली तरी दर वेळी घरी जाणं जमत नाही, मग मुंबईत नातेवाइकांकडं राहायचं. पारशी मुलगा, नाव फारूख बुल्सारा. आडनाव बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. तोंडात चार दात जास्तीचे, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले, त्यावरून पोरं चिडवतात. हसताना तो ओठ खाली ओढतो, पाहा. शाळेत त्याला 'फ्रेडी' म्हणायला लागलेत आणि ते नाव त्याला आवडलंय. टेबल टेनिस छान खेळतो, चित्रं काढतो. त्याचा पियानोचा हात पाहून शाळेनं आईवडिलांना पत्र लिहिलं, जादा फी भरून शिकवणी लावता का. त्यांनी लावली. चौथ्या परीक्षेपर्यंत तो पोचला.

पण त्याची खरी शाळा पियानोच्या वहीत नव्हती. ती रेडिओत होती, दौंडच्या त्या खिडकीत पाहिलीत तशीच. रेडिओ सिलोनवर एकदा ऐकलेलं गाणं तो जाऊन पियानोवर जसंच्या तसं वाजवायचा, हे त्याच्या सोबतची मुलं पुढं आयुष्यभर सांगत राहिली. रविवारी तो शाळेच्या गायकवृंदात उभा राहायचा. लहानपणी लता मंगेशकरांची गाणी त्याच्या कानावर होती. घरचे अवेस्तातले मंत्र होते. आणि आता हा नवा, खांद्यांना झटके द्यायला लावणारा रॉक अँड रोल. तेरा वर्षांच्या एका कानात एवढं सगळं शेजारी-शेजारी राहत होतं, आणि कुणाची कुणाला अडचण नव्हती.

संध्याकाळ झाली. सभागृहात कार्यक्रम आहे. दार लोटा.

गर्दी, घाम, ब्रिलक्रीमचा उग्र गोड वास. पाच पोरांनी बँड काढलाय, नाव 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गातोय. डेरिक ब्रांश गिटारवर, नेपाळहून आलेला व्हिक्टरी राणा ड्रमवर. आणि फरांग इराणीच्या हातातलं वाद्य जरा जवळ जाऊन बघा. चहाची लाकडी पेटी उलटी ठेवलीय, तिला एक काठी, काठीपासून पेटीपर्यंत एक दोरी. काठी ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. ओळखलंत? जत्रेतल्या तमाशात गाणारणीच्या मागं उभा राहून जो माणूस तुणतुणं वाजवतो, त्याच्या हातातल्या वाद्याचा हा थोरला भाऊ. एक पोकळी, एक काठी, एक तार. घरात पैसा नसला की जगभर माणसं एकसारखंच वाद्य बनवतात.

आणि तो बाजूला पियानोवर आहे. गायला पुढं नाही. लाजरा आहे, तोंड उघडायचं म्हणजे दात दिसणार. पण हात बघा. बोटं पट्ट्यांवर चालत नाहीत, आदळतात. उजवा पाय जमिनीवर दणके देतोय, खुर्ची मागं सरकतेय. शेजारच्या शाळेतल्या मुली आल्यात. ऐकलंत ना, कान फाटतील असं किंचाळतायत. लिटल रिचर्डचं गाणं संपतं न संपतं तोच फॅट्स डॉमिनोचं सुरू. पाठीमागं उभे असलेले एक मास्तर घड्याळाकडं बघतायत, पण त्यांचाही बूट हलतोय. फळीच्या जमिनीतून ठेका तुमच्या तळपायांत चढतोय. थोडा वेळ इथंच राहू. घाई नाही.

पुरे. डोळे मिटा. हा फेरा लांबचा आहे.

उघडा. घाबरू नका, वास ओळखीचाच आहे: शेण, कडबा, ओली माती. गाई हंबरतायत. पण अंगावर पाऊस पडतोय तो बारीक, थंड, चिवट. १९७५ चा ऑगस्ट संपत आलाय, देश वेल्स, मॉन्मथ गावाजवळचं रॉकफिल्ड. शेतकरी भावांनी आपल्या शेतावरच्या इमारतींत हा स्टुडिओ उभा केला. कलावंतांनी इथंच राहायचं, इथंच जेवायचं, इथंच ध्वनिमुद्रण करायचं. तुमच्या शिवारातल्या गोठ्यात असा स्टुडिओ असता, अशी कल्पना करा आणि आत या.

फारूख आता एकोणतीस वर्षांचा होतोय. नाव फ्रेडी मर्क्युरी. झांझिबार सुटलं, कुटुंब लंडनजवळ आलं, तो चित्रकलेच्या कॉलेजात शिकला, १९७० मध्ये 'क्वीन' जमलं. ब्रायन मेच्या गळ्यातली गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली आहे, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. चहाच्या पेटीपासून आपण फार लांब आलेलो नाही. रॉजर टेलर ड्रमवर, जॉन डीकन बासवर.

गाणं फ्रेडीच्या डोक्यात आहे. त्याचे तुकडे कॉलेजच्या दिवसांपासून त्याच्यापाशी होते. निर्माता रॉय थॉमस बेकर याला घरी पियानोवर सुरुवात ऐकवली, मध्येच हात थांबवले आणि सांगितलं की इथं ऑपेराचा भाग येणार. बेकर हसला, पण कामाला लागला.

आता काच लावलेल्या एका खोलीत जाऊ. तिघं गातायत: मर्क्युरी, मे, टेलर. दिवसाला दहा-बारा तास. तोच तुकडा, पुन्हा, मग त्यावर पुन्हा. टेलर असा वरचा सूर लावतो की कुत्रीसुद्धा मान वळवतील. घसे बसलेत, गरम पाणी, चहाचे कप, सिगारेटचा धूर, बंद खोलीतली शिळी हवा. टेपवर २४ पट्टे आहेत, ते भरले की सगळे मिळून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचं. असं करत करत सुमारे १८० आवाज एकमेकांवर चढले. केडगावची ती गळ्यांची भिंत आठवली? इथं ती फक्त तीन माणसांनी रचली.

टेप जरा हातात घ्या. सांभाळून, कडेला धरा. ही तपकिरी पट्टी इतक्या वेळा यंत्रातून फिरलीय की वरचा लेप झिजून गेला. दिव्यासमोर धरा. पलीकडचं दिसतंय. एवढं गाणं या पट्टीवर आहे, आणि पट्टी मात्र विरलेल्या धोतरासारखी झालीय. मला या सगळ्या हकिकतीतली हीच वस्तू सगळ्यात जास्त आवडते. कष्ट म्हणजे काय हे दाखवायला मी कुणालाही ही पट्टी दाखवीन.

गाणं पूर्ण झालं तेव्हा ते ५ मिनिटं ५५ सेकंदांचं होतं. एवढं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, कापा, असं जाणत्यांनी सांगितलं. बँडनं कापलं नाही. लंडनच्या एका रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकानं ते दोन दिवसांत १४ वेळा लावलं, आणि लोक दुकानांत मागायला लागले. ध्रुवपद नाही, एकाच चालीचं नाही, आधी हळवं, मग नाटकी, मग दणकेबाज, मग पुन्हा शांत. विलायतेतल्या जाणत्यांना हे विचित्र वाटलं असेल, पण शिरूर-दौंडच्या माणसाला का वाटावं? आपण रात्रभर जत्रेत बसून आधी गण ऐकतो, मग गवळण, मग बतावणीत पोट धरून हसतो आणि पहाटे वगात रडतो. एकाच फडात, एकाच ढोलकीवर. त्या गाण्यालाही तसंच ऐकायचं असतं: सुरुवातीला आईला सांगितलेलं दुःख, मधे सोंगांची गर्दी, मग ढोल उसळतो आणि शेवटी सगळे पांगल्यावर एकटा पियानो. त्या गर्दीत एक अरबी शब्दही येतो, जो दौंडच्या बाजारात सकाळी दुकान उघडताना तुम्ही रोज ऐकता.

या गाण्यात पाचगणी नेमकी कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मी सूर काढून दाखवू शकणार नाही. तो स्वतः त्या दिवसांबद्दल फारसा बोलायचाही नाही. पण सवय दाखवता येते. वेगवेगळ्या घरची गाणी एका कानात शेजारी ठेवायची, एकदा ऐकलं की धरायचं, आणि हातात असेल त्यातून वाद्य उभं करायचं. ती सवय त्याला साताऱ्याच्या डोंगरात, घरापासून हजारो मैल लांब, अकरा-बारा-तेराव्या वर्षी लागली. याबद्दल मला शंका नाही.

आता मिटा डोळे, परत निघू. वाटेत एकदाच खिडकीतून बघा. ते वेम्ब्ली मैदान, १३ जुलै १९८५, सत्तर हजारांवर माणसं. तो पळत येतो, पियानोशी बसतो आणि याच गाण्याच्या सुरुवातीनं मैदान ताब्यात घेतो. हेक्टिक्समध्ये कडेला बसणारा, दात झाकणारा मुलगा. आता तोंड पूर्ण उघडं आहे. दात सरळ करून घेणं त्यानं कायम टाळलं, आवाज बदलेल म्हणून.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. त्या नाताळात हेच गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. सोळा वर्षांपूर्वी, १९७५ च्या नाताळातही तेच पहिलं होतं, नऊ आठवडे. तेच ध्वनिमुद्रण, दोनदा नाताळात पहिलं, असं तोवर दुसऱ्या कुठल्या गाण्याचं तिथं झालेलं नव्हतं. आणि ती पाच पोरं? ड्रमवरचा व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात मेजर जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा प्रमुख होता. डेरिक ब्रांश इंग्लंडात नट झाला. चहाची पेटी वाजवणाऱ्या फरांग इराणीनं पुण्यात 'बाउंटी सिझलर्स' चालवलं. तुमच्यापैकी कुणी तिथं जेवलंही असेल, समोरच्या माणसाच्या हातांनी काय वाजवलं होतं हे न कळता.

उघडा डोळे. गाडी यवत सोडतेय. शेजारची मुलगी मोबाईलवर काहीतरी पाहतेय, डब्यात भेळेचा वास आहे, कोळसा कुठंच नाही. कानात गाण्याचा शेवट आलाय, रॉजर टेलरनं मोठ्या तासावर दिलेला तो एक ठोका, आणि मग काही नाही.

परत लावायला बोट पुढं गेलं असेल तर थांबवा. आज एवढंच ऐका. घरी पोचल्यावर, जेवण झाल्यावर, त्यातलं काय धरून ठेवता आलं ते कुणाला तरी गुणगुणून दाखवा.